नाही म्हणणारा उंट

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मुंगीच्या तोंडातून काढलेला दात कापसावर ठेवला आणि तिच्या बाबांच्या नाकासमोर धरला. दात कसला, विझलेल्या काडीचं टोक होतं ते. चार महिन्यांतला हा तिसरा.

"सहा वर्षांच्या पोरीचं तोंड आहे का हे?" बाई म्हणाल्या. "दिवसाला किती गोळ्या खाते?"

बाबांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि निम्मीच सांगितली. ती निम्मी ऐकूनही बाईंनी हातमोजे काढून ठेवले.

"घरात हिला नाही म्हणणारं कुणी नाहीये का हो?"

नव्हतं. मुंगीची आई जाऊन सात महिने झाले होते, आणि तेव्हापासून भेटेल तो माणूस मुंगीच्या हातावर काहीतरी गोड ठेवत होता. शेजारीण बिस्किटं द्यायची, शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर लिमलेटच्या गोळ्या द्यायचा. घर सांभाळायला येऊन राहिलेली मावशी तर "आईविना पोर गं माझी" एवढं म्हणेपर्यंत बरणीचं झाकण उघडून मोकळी झालेली असायची. जन्मतः किरकोळ होती म्हणून पडलेलं मुंगी हे नाव आता भलत्याच अर्थानं खरं ठरत होतं.

बाबांनी प्रयत्न केला नव्हता असं नाही. दाढी करताना आरशासमोर ते रोज 'नाही' म्हणायचा सराव करत. आरशात ते चांगलं जमायचं. पण मुंगी समोर येऊन मान वर करून बघायला लागली की तोंडातून निघायचं, "नाही... म्हणजे, एकच हं."

त्यात बाबांचा धंदाच उलटा. ते एका स्टुडिओत कार्टून काढत, आणि गेली तीन वर्षं एका गोळ्यांच्या कारखान्याच्या जाहिरातीतली खार काढत होते. गाल फुगेपर्यंत गोळ्या कोंबायच्या आणि डोळे मिटून "अजून एक!" म्हणायचं, एवढंच त्या खारीला काम. घरी मुंगीही अगदी तश्शीच डोळे मिटून "अजून एक!" म्हणायची.

दवाखान्यातून परत येताना रिक्षात मुंगी सुजलेला गाल धरून बसली होती. बाबा विचार करत होते. आपल्याला नाही म्हणता येत नाही, ते येत नाही. पण चित्रातल्या प्राण्याला म्हणता येईल की!

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच ठेवून, एक उंट काढायला घेतला. उंचापुरा, पापण्या जड, चेहरा कायम कुणाच्या तरी मयतीहून आल्यासारखा. त्याचं नाव बासराव. बासरावासमोर गोळ्यांचा डोंगर येई. तो दोन गोळ्या उचले, सावकाश चघळे, मग पुढचा पाय वर करून म्हणे, "बास. उरलेलं उद्या." आवाज बाबांनी स्वतःचाच दिला. सात महिन्यांत त्यांचा आवाज इतका खोल गेला होता की वेगळा काढावा लागला नाही.

तीन आठवड्यांनी दोन मिनिटांचं कार्टून तयार झालं. मुंगीनं ते मांडी घालून, तोंड उघडं टाकून पाहिलं. मग मुठीतली तिसरी गोळी बरणीत टाकून झाकण लावलं.

मावशी स्वयंपाकघराच्या दारातच खिळली. "भाऊजी, पोरीला ताप तर नाही ना?"

बाबांना हसू आवरेना. मुंगीची आई गेल्यापासूनचं ते पहिलं हसू. पण लगेच मुंगी म्हणाली, "परत लाव." तेव्हापासून जेवणापर्यंत तिनं ते कार्टून चौदा वेळा पाहिलं. संयम शिकण्यात पोरगी काही केल्या संयम पाळेना. बाबांनी शेवटी एक वाक्य वाढवलं. बासराव पडद्याबाहेर रोखून बघतो आणि म्हणतो, "आता मलाही बंद कर." मुंगीनं निमूट बंद केलं.

औषध इतकं लागू पडल्यावर माणूस घाबरतो. बाबांना घाबरायला आठवडा लागला.

आधी मुंगीनं अर्धेच दात घासले. मग अर्धी अंघोळ झाली, आणि पाठीला साबण तसाच घेऊन ती शाळेत गेली. एक वेणी झाल्यावर तिनं पाय वर करायला बघितला, पण ती पडली, म्हणून हात वर केला. "बास. उरलेलं उद्या." शाळेतून वर्गाच्या बाईंचा फोन आला. बेरजा दहा दिल्या होत्या, मुंगीनं दोनच केल्या आणि वही मिटून ठेवली. विचारलं तर म्हणाली, "जास्त चांगलं नसतं."

घरी तर त्याहून बिकट. मावशीची एक मैत्रीण सांत्वनाला आली होती. मावशीनं सुरुवात केली. मुंगीची आई किती गुणाची, कधी कुणाला उलटून बोलली नाही, कशी हसतमुख, देवमाणूसच. मैत्रिणीनं रुमाल काढला. मावशीनं पदर डोळ्यांना लावला. दोघींचा सूर चांगला लागला, आणि मुंगी पुढं येऊन उभी राहिली. हात वर करून, पापण्या जड करून म्हणाली,

"मावशी, बास. उरलेलं उद्या."

मैत्रिणीच्या हातातला चहा बशीत आला आणि बशीतून गालिच्यावर. बाबा कोपऱ्यात बसले होते. त्यांना पोरीला रागवावंसं वाटलं, पण ते जमणार नव्हतंच. मैत्रीण चप्पल घालताना पुटपुटली, "लहान आहे अजून, कळत नाही."

मावशी मात्र त्या दिवशी परत रडली नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता भाजी चिरताना ती एकदम म्हणाली, "भाऊजी, कालचं राहिलंय," आणि पाच मिनिटं रडली. मग सुरी धुऊन ठेवली. हेच पुढं रोज चालू झालं. बाबांना ते बरं वाटत होतं की भयंकर, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना.

इकडं वर्गाच्या बाईंना उंटाची चाहूल लागली होती. "बेरजांचं सोडा," त्या फोनवर म्हणाल्या, "पण मुंगी डब्यातला खाऊ स्वतःहून झाकून ठेवते हो! माझी बाकीची एकोणचाळीस रोज एकमेकांच्या डब्यात असतात. शुक्रवारी संयमाचा तास ठेवलाय, मुख्याध्यापिकाबाई स्वतः येणार आहेत. ते कार्टून द्याल का?"

नाही म्हणणं बाबांच्या हातात नव्हतंच. योगायोगानं गुरुवारीच कारखान्याकडं खारीची नवी जाहिरात पाठवायची होती. स्टुडिओत चित्राला आवाज जोडणारे एक गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले, ज्यांना सगळे झटपट म्हणत. पाच वाजले की ते खुर्चीत सापडत नसत. पाचला दहा मिनिटं कमी असताना बाबांनी त्यांना सांगितलं, "एक शाळेला पाठवा, एक कारखान्याला. खारीच्या फाइलचं नाव 'शेवटचं' आहे. आणि उंटाच्या फाइलचं 'शेवटचं, खरंच शेवटचं'."

"कळलं, कळलं," झटपट पिशवी खांद्याला लावत म्हणाले.

शुक्रवारी दुपारी वर्गाच्या बाईंचा फोन आला. आवाज इतका शांत होता की बाबांच्या अंगावर काटा आला.

"मुख्याध्यापिकाबाईंनी आधी अर्धा तास भाषण केलं," त्या म्हणाल्या. "मोह म्हणजे काय, वगैरे. मग दिवे घालवले. पडद्यावर खार आली."

"खार?"

"खार. 'अजून एक' म्हणाली. एकोणचाळीस पोरं म्हणाली, 'अजून एक!' डबे फुटले हो. मुंगी बाकावर उभी राहून 'बास, बास' ओरडत होती, पण ऐकतंय कोण? एकानं दुसऱ्याचं खोडरबर खाल्लं. मुख्याध्यापिकाबाईंच्या पर्समधल्या खोकल्याच्या गोळ्याही गेल्या."

"मी... मी काय बोलू?"

"काही नका बोलू. खोडरबर खाल्लेल्याचे वडील तुम्हाला फोन करणार आहेत."

फोन ठेवताना बाबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाळेत खार गेली, म्हणजे कारखान्यात...

"आत या," स्टुडिओच्या मालकीणबाईंची हाक आली. त्यांनी नुसता टेबलावरचा फोन दाखवला. "कारखान्याच्या मालकांचा होता. सगळ्या विक्रेत्यांची सभा भरवली होती त्यांनी, नवी जाहिरात दाखवायला. म्हणाले, 'तो उंट ज्यानं काढला, त्याला आत्ताच्या आत्ता पाठवा.' गाडी काढायला सांगितलीय. तुमचं टेबल आवरून जाताय, की आल्यावर आवरताय?"

बाबांनी आल्यावर आवरायचं ठरवलं.

कारखान्याचे मालक वयस्कर, वाळलेले, करडे गृहस्थ होते. खोलीभर साखरेचा वास होता आणि त्यांच्यासमोर बिनसाखरेचा काळा चहा. भिंतीवरच्या पडद्यावर बासराव पाय वर करून थिजला होता.

"हा आवाज कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"माझाच. चूक झाली साहेब. ते माझ्या मुलीसाठी होतं. तिचे दात... तिची आई..."

मालकांनी उंटाकडं बोट दाखवलं. "माझे चाळीस विक्रेते हसले नाहीत. एक जण तर डोळे पुसत होता. मग मी विचारलं, घरी आपल्या पोरांना आपल्या गोळ्या कोण कोण देतं? एकाचाही हात वर झाला नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आयांना गोळ्यांची भीती वाटते. खारीची तर फारच वाटते. पण पाकिटावर हा उंट असेल, दोन खा आणि बास म्हणणारा, तर कुठली आई नाही म्हणेल? मला हा उंट हवा. आवाजासकट."

बासराव मुंगीचा होता. तो द्यायचा नाही, हे बाबांना लख्ख दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"नाही... म्हणजे..." ते म्हणाले.

"छान," मालक म्हणाले आणि त्यांचा हात हातात घेतला.

दोन महिन्यांत बासराव गावभर झाला. पाकिटांवर, बसगाड्यांच्या पाठीवर, दुकानांच्या फळ्यांवर त्याचं ते सुतकी तोंड दिसू लागलं. कारखान्याच्या माणसांनी त्याचं वाक्य जरा बदललं होतं. "बास. उरलेलं उद्या" च्या जागी आता तो म्हणायचा, "थोडंच खा, पण रोज खा!" बाबांनीच ते म्हटलं होतं, काचेच्या खोलीत उभं राहून, सात वेळा, कारण पहिल्या सहा वेळा ते पुरेसं आनंदी झालं नव्हतं. ज्या घरांत गोळी येत नव्हती, तिथंही आया आता बिनघोर पाकिटं नेऊ लागल्या. खारीला कुणी विचारेना. मालकीणबाईंनी बाबांना खिडकीजवळचं टेबल दिलं.

मुंगीनं नवा बासराव पाहिला, क्षणभर विचार केला, आणि बरणीचं झाकण पुन्हा काढलं. उंटावर तिचा पूर्ण विश्वास होता. उंट रोज म्हणतोय, तर रोज.

चौथ्या दाताच्या वेळी डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. कामच इतकं वाढलं होतं की बोलायला सवड नव्हती. बाहेर बाकावर दाटीवाटीनं पोरं बसली होती, आणि त्यांच्या डोक्यावर कारखान्यानं फुकट वाटलेलं कॅलेंडर होतं. त्यावरून बासराव सगळ्यांकडं जड पापण्यांनी बघत होता. बाबांनी कॅलेंडरकडं पाठ करून खुर्ची घेतली.

परतताना कोपऱ्यावरच्या दुकानाशी मुंगी थांबली. एका गालात कापूस, तरी बोट बरोबर पाकिटावर.

"बासराव पायजे."

"आत्ता दात काढलाय ना, बेटा?"

"दुसऱ्या बाजूनं खाईन."

दुकानदारानं पाकीट काढून ठेवलंसुद्धा. मागं उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "द्या हो, एवढंसं लेकरू. उंटाच्या गोळ्या चांगल्या असतात, आम्ही पण देतो."

बाबांनी पाकिटाकडं पाहिलं. स्वतःच्याच हातानं काढलेल्या त्या डोळ्यांकडं पाहिलं. आता बाबांच्या वतीनं नाही म्हणायला कुणीच उरलं नव्हतं.

"नाही," ते म्हणाले.

मुंगी पुढच्या 'म्हणजे'ची वाट बघत राहिली. ते आलं नाही. मग तिनं फरशीवर अंग टाकलं आणि भोकाड पसरलं. गालातला कापूस बाहेर पडला. बाई चुकचुकल्या, "काय माणूस आहे!" दुकानदारानं खाली बघून पाकीट परत फळीवर ठेवलं. बाबांनी वाकून मुंगीला उचललं आणि खांद्यावर टाकलं. ती दोन्ही मुठींनी त्यांची पाठ बडवत होती.

"दुष्ट आहेस तू! घाणेरडा! तू... तू आईसारखाच आहेस! ती पण द्यायची नाही! कधीच द्यायची नाही!"

बाबा चालता चालता थांबले. इतक्या महिन्यांत त्यांच्या घरी माणसांची रीघ लागली होती. सगळ्यांनी मुंगीच्या आईचे गुणच सांगितले होते, आणि प्रत्येक गुणासरशी ती जरा जरा पुसट होत गेली होती. तिच्याबद्दल तक्रार अशी कुणी केलीच नव्हती.

"आणखी काय काय करू द्यायची नाही?" त्यांनी विचारलं.

मुंगी हुंदके देत सांगायला लागली. ओल्या केसांनी झोपू द्यायची नाही. पलंगावर बूट चालायचे नाहीत. भिंतीवर एक साधं फूल काढलं तर ओरडली होती, आणि पुसायलाही लावलं होतं, स्वतःच्या हातानं. मांजर तर आणूच दिलं नाही.

बाबांनी घराकडचा फाटा सोडला आणि लांबचा रस्ता धरला.