खिळ्याला बंदी

आमच्या सांगलीच्या पेठेत संस्थानच्या काळातली दगडी कमानींची इमारत आहे. खाली दुकानं, वर गोदामं. जिन्याखाली नाना कुलपं दुरुस्त करतो. रोज सकाळी हा माणूस एकेका खांबावर बोटाच्या पेरानं टकटक करतो आणि कान लावून ऐकतो. गिऱ्हाइकाला वाटतं, याड लागलंय. मला बी तेच वाटतं, चाळीस वर्षं झाली.

माझं शेजारीच दोरखंडाचं दुकान. कासरे, दावी, घुंगरमाळा. ह्या माणसानं लय छळलंय मला. पाटी लावायची म्हटलं की नाना हजर. "इमारतीला इचारलं का?" पंखा बसवायचा? "इमारतीला इचारलं का?" एकदा चिडून म्हणलं, "मग काय म्हणती रं ती?" गडी खांबाला कान लावून सांगतो, "उद्या सांगती म्हणली." आणि हा काय मालक न्हाई. माझ्यागत भाडेकरूच.

चैत्रात माझी बायको गेली. तिचा फोटो मोठा करून आणला. दुकानात लावावा म्हणून भिंतीवर खिळा धरला, हातोडी उचलली, तर नानानं मागनं हात धरला.

"दगड फुटंल, तात्या."

"माझी बायकू मेलीया, नाना. आज तरी गप बस."

"व्हय. पर हितं खिळा न्हाई."

हातोडी फेकली. तोंडाला येईल ते बोललो. फोटो फळीवर टाकून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी रागानं सकाळी गेलोच न्हाई, दुपारी दुकानावर आलो. दुकानाची एक किल्ली नानाकडंच असती. दार उघडून आत बसलेला. दोन दगडांच्या सांध्यात सागवानी खुंटी, तिला फोटो. पण कुठं, तर माझ्या कमरेएवढा खाली!

"आरं, गेलेल्या माणसाचा फोटो दाराच्या वर लावत्यात. हितं कुत्रं चाटंल."

नानानं माझ्याकडं बघितलं न्हाई. म्हणाला, "वैनी दोरांच्या गठ्ठ्यावर बसल्या की त्यांचं डोकं हितवर यायचं. जेवताना बोलायचं तर मान किती वर करायची?"

नानाला घरी कोण न्हाई. ही रोज तिघांच्या भाकरी बांधून आणायची. ती गेल्यापासून हा दुपारी काय खातो, हे माझ्या डोक्यातच आलं न्हवतं.

मी डबा उघडला. निम्मी भाकरी त्याच्यापुढं केली.

"करपलीया," मी म्हणलं.

"दिसतंय," नाना म्हणाला, आणि फोटोकडं बघत खाऊ लागला.