साडेअठरा न्यूट्रॉन

केळुसकर सरांच्या घड्याळात साडेसात कधी वाजलेच नाहीत. कुणी वेळ विचारली आणि काटा नेमका तिथे असला, तर सर त्या माणसाला मिनिटभर ताटकळत ठेवून मग सांगत, "सात एकतीस." कटिंग चहा घेत नसत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालत नसत. लग्नही केलं नाही. 'अर्धांगिनी' हा शब्द पटला नसावा, असं आम्ही शिक्षकांच्या खोलीत म्हणायचो. विरारच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. चंदनसारला एकाच इमारतीत आमची दारंही समोरासमोर, त्यामुळे हा छळ मला दोन्हीकडे होता.

सगळ्याचं मूळ क्लोरीनमध्ये. क्लोरीनचा अणुअंक सतरा आणि पुस्तकात अणुवस्तुमान छापलंय साडेपस्तीस. न्यूट्रॉन मोजा म्हटलं की दरवर्षी निम्मा वर्ग वजाबाकी करून लिहायचा, साडेअठरा. सर खडू टाकून खुर्चीत बसत. "अर्धा न्यूट्रॉन? दाखव मला. आण कुठून तरी." मग उठून पुन्हा सांगत, की क्लोरीनचे अणू दोन वजनांचे असतात, पस्तीस आणि सदतीस. ही समस्थानिकं. एकात न्यूट्रॉन अठरा, दुसऱ्यात वीस. पस्तीसवाले जास्त, म्हणून साडेपस्तीस ही नुसती सरासरी. सहामाहीला पेपरात पुन्हा साडेअठरा. "माझं आयुष्य फुकट गेलं हो," ते तपासता तपासता म्हणत आणि मी मेला हसायचो.

राजोडी गावची कल्पना ही पोरगी त्याच निम्म्या वर्गातली. नववीत तिनं उठून विचारलं, "सर, मग अर्धा गेला कुठं?" सरांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. तास संपेपर्यंत तिला बाहेर उभं केलं. पुढे हीच कल्पना आमच्या गेटशी मासळीची टोपली घेऊन येऊ लागली. मासळी घेण्याआधी सर विचारत, "क्लोरीन?"

"अठरा नि वीस, सर. घ्या आता, बर्फाचं पानी झालं."

तेवढ्यावर सरांचा दिवस बरा जायचा.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सर विसरायला लागले. आधी किल्ली, मग गॅस, मग माझं नाव. ते फार घाबरले. रोज संध्याकाळी माझं दार वाजवून म्हणत, "क्लोरीन विचारा." मी विचारायचो, ते उत्तर द्यायचे. "हे आहे तोवर मी आहे," असं म्हणून घरी जायचे. त्या परीक्षेची मला त्यांच्यापेक्षा जास्त धास्ती वाटायची.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "साडेअठरा."

म्हणाले आणि निकालाला आलेल्या पोरासारखे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्याच्यानं खरं बोलवेना. मी म्हणालो, "बरोबर."

मला वाटलं, खूश होतील. ते मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे पोरांचंच बरोबर होतं. मी उगाच त्यांना बोललो इतकी वर्षं. त्या कल्पनाला तर बाहेर उभं केलं."

दया करायला गेलो आणि त्यांच्या अख्ख्या नोकरीवर काट मारून बसलो. खरं काय ते सांगायलाही आता तोंड राहिलं नव्हतं.

सकाळी मी खाली उतरलो तर सर आधीच गेटशी. कल्पना येताच त्यांनी हात जोडले. "चूक माझी होती गं. साडेअठराच."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"नाय सर. तुमी शिकवलात त्येच बरोबर."

"मी काय शिकवलं होतं?"

कल्पनानं टोपली खाली ठेवली. मग तिनं सरांना हाताला धरून पायरीवर बसवलं आणि फळीवर चार बांगडे मांडले. "ह्ये तीन पस्तीसचे. ह्यो मोठा सदतीसचा. चारांची सरासरी साडेपस्तीस. पन तेवढा एक बी बांगडा माज्या टोपलीत नाय. म्हनून न्यूट्रॉन अठरा नायतर वीस."

गिऱ्हाइकं ताटकळत होती. सर मन लावून ऐकत होते. ऐकून झालं तसा त्यांनी भीत भीत हात वर केला.

"मग अर्धा गेला कुठं?"

कल्पनानं पदरानं डोळे पुसले आणि बांगडे पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतले.