चुंपीचा धर्मपिता

रंगावरून कुणालाही कमी लेखू नये, याबाबत जगातल्या सर्व समित्यांचे एकमत आहे. म्हणूनच वायापाता गावच्या अल्पाकापालक संघाने ठराव करताना 'काळे', 'तपकिरी' असले शब्द कटाक्षाने टाळले आणि 'पांढरे' व 'अन्य' असे दोनच वर्ग केले. पांढऱ्यांनी कळपात राहावे. अन्य मंडळींनी, योग्य तो सन्मान राखून, मांस सुकवण्याच्या दोरीवर जावे.

ठरावामागचे शास्त्र बिनचूक होते. कारखान्याला अल्पाकाची पांढरीच लोकर लागते, कारण तिला हवा तो रंग देता येतो. मग सर्वात जास्त मागणी कुठल्या रंगाला, असे सभेत कुणीतरी उगाच विचारले. "तपकिरी," शहरातून आलेले इंजिनिअर पारेदेस म्हणाले. (या पठारावर ज्याच्या बुटाला चिखल नसतो त्याला इंजिनिअर म्हणतात. शिक्षणाचा संबंध नाही.) तेवढ्यात चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, दुसरा घडा आला आणि विषय मागे पडला. शिवाय तपकिरी लोकर तपकिरी रंगवता येत नाही, हा तिच्यातला मोठाच दोष आहे.

फोर्तुनाताच्या कळपात अन्य अशी एकच होती. चुंपी. गारपिटीत आई मेली तेव्हा फोर्तुनाताने तिला चुलीपाशी ठेवून बाटलीने दूध पाजले होते. फोर्तुनाताला मूलबाळ नव्हते, आणि तिचा जीव त्या तपकिरी पोरीत अडकला होता, हे सरळच सांगितलेले बरे. चुंपी आता दोन वर्षांची झाली होती, यंदा तिची पहिलीच कातरणी होती आणि ठरावानुसार शेवटचीही.

"तुझी लाडूबाई चालली आता," नवरा क्रिसोलोगो म्हणाला. "संघाचा ठराव आहे."

"ठरावाला तूही हात वर केलास."

"सगळ्यांनीच केला. माझा एकट्याचा खाली राहिला असता तर उठून दिसला असता."

"बरं केलंस. आता त्याच हाताने सूप वाढून घे."

कातरणीच्या दिवशी पारेदेस फोटोग्राफर घेऊन आले. पहिली बट त्यांनी स्वतः कापायची आणि तो फोटो कार्यालयात लावायचा, असे वरून ठरले होते. फोटोसाठी जनावर उभे हवे आणि शांत हवे. पांढऱ्या अल्पाकांचे मत वेगळे पडले. आणलेल्यांपैकी शंभर टक्के जनावरे इंजिनिअरांवर थुंकली. (अल्पाकाची थुंकी हिरवी असते आणि मनापासून असते.) त्यांचे जाकीट पॉलिएस्टरचे होते म्हणून पुसता आले. अल्पाकाविकासाच्या कामात असलेल्या सगळ्यांचे जाकीट पॉलिएस्टरचेच असते.

"ही उभी राहील, साहेब," फोर्तुनाता म्हणाली आणि चुंपीला पुढे घेऊन आली. चुंपीच्या कानांत लाल लोकरीचे गोंडे होते. ताटलीत कोकाची पाने होती आणि पानांवर कात्री होती.

"कात्रीला रिबीन कशाला?" पारेदेसांनी विचारले.

"फोटोत छान दिसते."

चुंपी हलली नाही. पारेदेसांनी बट कापली, फोटो निघाला, आणि जनावरांच्या वाड्यात जमलेल्या सगळ्या पुरुषांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

या डोंगरात लेकराच्या जावळाची पहिली बट जो कापतो, तो त्याचा धर्मपिता होतो, जन्मभरासाठी. त्यासाठी रिबीन बांधलेली कात्री आणि कोकाच्या पानांची ताटली लागते. लेकरू दोन पायांचेच असावे असे कुठे म्हटलेले नाही.

"कोम्पाद्रे," असे म्हणत फोर्तुनाताने त्यांना मिठी मारली. (कोम्पाद्रे म्हणजे आपला व्याही समजा. मान तेवढाच, सुटका त्याहून कमी.)

"अहो बाई, ही अल्पाका आहे."

"आम्हालाही तसंच वाटतंय," संघाचे अध्यक्ष तिबुर्सियो म्हणाले. "जनावर ओळखण्यात आम्ही सहसा चुकत नाही."

"पण हिला तर सुकवायला पाठवायचं ठरलंय."

"धर्मकन्येला?" तिबुर्सियोंनी विचारले. टोमणा नव्हता, नुसती चौकशी होती. "तुमच्याकडे तसं करतात का?"

पारेदेसांनी आजूबाजूला पाहिले. कुणीतरी त्यांच्या हातात चिचाचा पेला दिला होता. बोलता बोलता त्यांनी पेला कलता केला आणि पहिले थेंब धरणीमातेला सांडले, त्यांची आजी सांडायची तसे. गावाने ते पाहिले. माणूस आपल्यातलाच निघाला होता, म्हणजे आता त्याची सुटका नव्हती. फोर्तुनाता शालीआड रडली. वर्षभरात तिला एवढे बरे वाटले नव्हते.

यथावकाश ठरावाला दुरुस्ती आली: 'मान्यताप्राप्त धर्मपिता असलेले प्राणी वगळून.' तेव्हापासून वायापात्यात प्रत्येक घरी रिबिनीची कात्री तयार असते. जनावरांचा डॉक्टर, पाद्री आणि वाट चुकलेले दोन पर्यटक, सगळ्यांना मुली झाल्या. पारेदेस दर कातरणीला चुंपीसाठी मीठ घेऊन येतात. कार्यालयात तो फोटो लागला आहे, त्यात चुंपी पांढरी करून घेतली आहे.

वाचकहो, या प्रकरणात तुम्ही पहिल्यापासून चुंपीच्या बाजूने होतात, हे पाहून समाधान वाटले. संघाच्या लोकांना हसलात, तेही रास्तच. आता पुस्तक मिटून, मुलासाठी आलेली स्थळे बघत होतात तिकडे वळायला हरकत नाही. 'गोरी' हा शब्द तुम्हीही कटाक्षाने टाळला आहे, जाहिरातीत नुसते 'उजळ' म्हटले आहे. त्यात एक 'सावळी, पण नाकीडोळी नीटस' असा फोटो होता. तो तुम्ही बाजूला ठेवलात. पांढऱ्यांत ठेवलात, की अन्य?