तीनदा विचारणारे पास्कल अंकल

आमच्या दुकानात भांड्यावर नाव टाकून घ्यायचं म्हणजे आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. परीक्षक पास्कल अंकल. डोंगरी गावाहून सकाळच्या बसने येतात, चष्मा पुसतात, नाव कोरायच्या मशीनचं टोक तपासतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नाव तीनदा विचारतात. "भाभी, फिर से बोलो. हिना या हेमा?" मराठी बाई असेल तर पुढे सौ. की श्रीमती, माहेरचं की सासरचं. वर "बाय, माझ्याकडं खोडरबर न्हाय," हे आहेच.

एक शेठ वैतागून म्हणाले, "अंकल, चम्मच पे नाम डालना है, पासपोर्ट नहीं बनाना!" अंकलनी त्यांनाही तीनदा विचारलं.

पण मशीन घुर्र करून सुरू झालं की मी काउंटर सोडून बघत राहते. रेघ आखणं नाही, पेन्सिल लावणं नाही. हंड्याच्या गोल पोटावर मराठी, गुजराती, इंग्रजी, कुठलीही अक्षरं सरळ रांगेत उमटतात. वीस वर्षांत एक चूक नाही. हा माणूस आहे की कोण, असंच वाटतं.

गेल्या लग्नसराईत मोरवा गावच्या एका बाईंनी लेकीला द्यायचा हंडा नाव टाकायला ठेवला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. अंकल मशीनवर अडकलेले, म्हणून नावाची चिठ्ठी मी लिहिली.

"तीनदा विचारलं?" अंकल म्हणाले.

"हो हो, विचारलं." एकदाही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बाई आल्या, हंड्यावर 'सौ. भानुमतीकडून' वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. त्यांचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. मी सवयीने सौ. लिहून मोकळी झाले होते.

मालक कडाडले, "कोणी केलं हे? उद्यापासून त्याने यायचं नाही!"

 तेवढ्यात अंकल उठले.

"मी क्येलं. विचारलं न्हाय."

अंकलना काढणं मालकांना परवडणारं नव्हतं. पण भर गर्दीत त्यांनी नाही नाही ते ऐकवलं. अंकलनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, बाईंची माफी मागितली आणि नवा हंडा कोरून दिला.

बाई गेल्यावर मी रडतच म्हटलं, "अंकल, का खोटं बोललात?"

ते मशीनची वायर गुंडाळत होते.

"तुजं काम ग्येलं तर सासू विचारील, नवरा विचारील, काय झालं म्हनून. मला घरी विचारनारं कोन न्हाय, बाय."