धुमाळ सरांच्या चार भाकरी

वेल्ह्याच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात जावा शिकवणारे धुमाळ सर नव्या मुलांना पहिल्यांदा विचारतात, "घरात माणसं किती?" तोच त्यांचा प्रोग्रॅम. माणसं टाइप करा, माणशी दोन धरून भाकरी किती ते संगणक सांगतो.

मी प्लायवूडच्या भिंतीपलीकडे टायपिंग शिकवतो. हा धडा ऐकून माझे कान किटलेत. सर आधी मुद्दाम अक्षरांत 'दोन' लिहितात. पडद्यावर चूक दाखवणाऱ्या लाल ओळी येतात. मग समाधानानं म्हणतात, "बगा. टाइप केलेलं समदं मशीनला नुसती अक्षरं. अक्षरातला आकडा म्हंजी फोटोतला आंबा. दिसतो, खाता येत न्हाई. आदी त्याचा खरा आकडा करून घ्या." मग एखादं पोर 'सात, आत्या आली तर आठ' असं लिहितं. पुन्हा लाल ओळी, पुन्हा आंबा.

"सर, पुढं सरका की," म्हटलं तर म्हणायचे, "घाई कुणाला हाय? तोरणा कुठं चाललाय?"

शेवटी क्लासच्या मालकांनी मला बजावलं, आज सरांनी पुढचा धडा घेतला नाही तर उद्यापासून ही बॅच तुमची. मला माझीच बॅच जड झालेली. वैतागून सरांच्या वर्गात गेलो. त्यांनी नुकतंच 'दोन' पुसून २ टाकलं होतं. पडद्यावर चार भाकरी.

मार्गासनीची सुजाता म्हणाली, "सर, तुमी तर आता एकटंच ऱ्हाता. एक टाका की."

धुमाळ वहिनींना जाऊन वर्ष होत आलं होतं. सरांनी २ खोडलं. बोट एकवर नेलं आणि तसंच मागं घेतलं. "तुमी टाका आपापलं," एवढंच म्हणाले.

दुपारी त्यांनी डबा उघडला. चार भाकरी. त्यातल्या दोन नेहमीसारख्या माझ्यापुढं सरकवल्या. इतके महिने मी समजत होतो, हा माणूस माझ्यासाठी जास्तीच्या आणतो. मला फार वाईट वाटलं.

"सवयीनं थापल्या जात्यात," सर माझ्याकडे न बघता म्हणाले. "कमी करायला गेलं की हात चालत न्हाई."

तेवढ्यात मालकांचा फोन आला. पुढचा धडा सुरू झाला का, विचारत होते.

"झाला," मी म्हणालो, आणि दुसरी भाकरी मोडली.