जाड लेप

गल्लीत कुणी लंगडत निघालं की भरमाप्पाअण्णांचा चेहरा खुलायचा. दारातूनच विचारायचे, "पडलास काय रं?" समोरचा न्हाय म्हणाला, तर खट्टू व्हायचे.

अण्णा आमचे निपाणीतले शेजारी. जैन शेतकरी, बायको वारलेली, पोटी मूल नाही, शेती पुतण्यांवर सोडलेली. औषध त्यांना एकच ठाऊक. आंबेहळद आणि रक्तबोळ सहाणेवर उगाळायचं, पळीत कोमट करायचं आणि मुक्या मारावर लावायचं. "मुका मार लई वाईट," ते म्हणायचे. "रगत दिसंना, म्हणून कुणी इचारंना."

लेप असा लावायचे की भिंत लिंपतायत असं वाटावं. अंगठ्याला ठेच लागली तरी घोट्यापर्यंत. वर अट, "वाळूस्तवर उठायचं न्हाय." तोवर त्यांच्या मेलेल्या बैलांच्या खोड्या ऐकायच्या. मी तंबाखूच्या वखारीत कामाला. खांद्याला कुठं पोतं लागलं, तर अण्णांना चुकवून मागच्या बोळातून घर गाठायचो. माझी बायको म्हणायची, "जरा पातळ लावलं तर काय बिघडतंय अण्णांचं?"

अण्णा दिवस बुडायच्या आत जेवत. आमच्या चुली त्यानंतर पेटायच्या. महायुद्धाच्या लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं गल्ली लवकर आत जायची आणि अण्णा अंधारात उंबऱ्यावर बसून असायचे.

एका संध्याकाळी उंबरा रिकामा दिसला. बोळातून जायची गरज नव्हती, पण मला करमेना. दार ढकललं तर अण्णा घोंगड्यावर पालथे. विहिरीच्या पायरीवरून घसरले होते, पाठ काळीनिळी झाली होती. शेजारी सहाणेवर लेप वाळून तडकला होता.

"सकाळीच उगाळला," ते म्हणाले. "पाठीला हात पुरंना."

"मग हाक मारायची न्हाय व्हय, अण्णा?"

"मुक्या माराला काय हाक मारायची?"

साऱ्या गल्लीची ढोपरं लिंपणाऱ्या या माणसाच्या पाठीला दिवसभर कुणाचा हात लागला नव्हता. मी नव्यानं उगाळलं, कोमट केलं आणि दुखू नये म्हणून हलक्या हातानं लावू लागलो. अण्णा घोंगड्यात तोंड खुपसूनच म्हणाले, "लई पातळ लावतोयस. लगेच वाळंल."

मी सहाण पुन्हा पुढं ओढली.