नत्थुजी मास्तरांचा अभिप्राय

अमरावतीच्या मिशनशाळेतले नत्थुजी मास्तर पुस्तक वाचायला बसले की त्यांची बायको माणिकबाई चुलीपाशी बसूनही कान देऊन असायची. मास्तर ‘हूं’ म्हणाले तर पुस्तक बरं. नाकातून जोरात श्वास सोडला तर लेखकाचं काही खरं नाही. त्या दिवशी सकाळपासून नुसते श्वासच चालले होते.

पुस्तकाचं नाव ‘भक्तीतून बरकत’ आणि लेखक गावातले कापसाचे बडे व्यापारी खुशालराव. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. खुशालरावांच्या मते मात्र त्या भावाचं कारण लढाई नव्हे, तर त्यांची पहाटेची पूजा होती. हे जगाला कळावं म्हणून त्यांनी पदरमोड करून मुंबईला पुस्तक छापून घेतलं. शास्त्रीबुवांनी स्तुती केली, मौलवींनीही केली. पण कापूस घ्यायला आता साहेब लोक येऊ लागले होते. तेव्हा एका ख्रिस्ती वाचकाचा अभिप्राय हवा, आणि तो भर बाजारात चारचौघांसमोर हवा, असा त्यांचा आग्रह होता.

धर्माच्या पुस्तकांवरची मास्तरांची मतं मिशनमध्ये प्रसिद्ध होती. पाद्रीसाहेबांनी दिलेल्या एका सुधारलेल्या पाप्याच्या चरित्राबद्दल ते म्हणाले होते, की पापं छान सविस्तर आहेत, पश्चात्ताप तेवढा घाईत उरकलाय. देवाला दलाल करणारी पुस्तकं तर त्यांना मुळीच खपत नसत. इकडून प्रार्थना टाकायची आणि तिकडून नफा काढायचा, याला ते श्रद्धा म्हणत नसत, अडत म्हणत.

अडचण अशी, की प्रार्थनामंदिराचं छप्पर वादळात उडालं होतं आणि नव्या छपराचं सागवान परतवाड्याहून आणून द्यायचं खुशालरावांनी कबूल केलं होतं. पाद्रीसाहेबांनी मास्तरांना जाता जाता सुचवलं, की प्रत्येक पुस्तकात काही ना काही चांगलं असतंच.

“कागद चांगला हाये म्हना,” माणिकबाई म्हणाली.

“कागदाचं कोन इचारून राहिलं? मजकुराचं सांगाचं हाये.”

“मंग थोडीशी लबाडी बोला. छपरासाठी बोलाची हाये, सोतासाठी नाई.”

खोटं बोलणं मास्तरांनी बाप्तिस्म्याबरोबरच सोडलं होतं. आणि खरं बोलावं तर सगळी मंडळी भिजणार होती. शेवटी त्यांनी शाळेतली युक्ती काढली. अवघड गोष्ट ते नेहमी दृष्टान्तातून सांगत. कापूसवाल्यांना कापसाचा दृष्टान्त द्यावा. खरंही बोलल्यासारखं होईल आणि लेखकाला फारसं कळणारही नाही.

बाजारात खुशालरावांनी मास्तरांना आपल्याच रुईच्या गाठीवर उभं केलं. भोवती व्यापारी आणि हमाल जमले. मास्तरांनी घसा साफ केला, पुस्तक धरलेला हात पाठीमागे घेतला आणि सुरुवात केली.

“वरचा थर पाहा. पांढराशुभ्र, डोळ्यांत भरणारा. पण आत हात घाला. वजन आहे, पण ते कशाचं? पाणी मारलंय सगळीकडे. धागा थोडा आणि सरकीच फार.”

नेमका त्याच वेळी कापसातली भेसळ पकडणारा सरकारी साहेब अकोल्याहून, कोणालाही न कळवता, गर्दीच्या मागे घोड्यावरून उतरत होता. वजन वाढवायला रुईवर पाणी मारायचं आणि गाठीत दगड कोंबायचे, हा त्या काळी सर्रास चालणारा प्रकार होता. पण त्याबद्दल आपणहोऊन, तेही गाठीवर उभं राहून, साक्ष देणारा माणूस साहेबानं सबंध नोकरीत पाहिला नव्हता. त्यानं ताबडतोब गाठी फोडायचा हुकूम केला.

आपण पुस्तकाबद्दल बोलत होतो, असं मास्तरांनी परोपरीनं सांगितलं. अशी माणसं ऐनवेळी घाबरतात हे साहेबाला ठाऊक होतं. त्यानं मास्तरांची पाठ थोपटली.

खुशालरावांनी मास्तरांना बाही धरून गाठीवरून खाली ओढलं. “मास्तर,” ते हळूच म्हणाले, “दोन शब्द चांगले बोलाले सांगतलं होतं तुमाले.”

मास्तरांना डोळ्यांसमोर सगळं सागवान पुन्हा मेळघाटात जाऊन उभं राहिलेलं दिसलं.

पहिली गाठ फुटली. रुई कोरडी ठणठणीत होती. दुसरी फुटली, तीही तशीच. साहेब खुशालरावांकडे आदरानं पाहू लागला आणि खुशालराव गाठींकडे आ वासून पाहू लागले. मग साहेब शेजारच्या जानरावांकडे वळला. त्यांच्या गाठीतून जात्याची फुटकी तळी निघाली. त्यापुढच्या गाठीतून तर धारच लागली. बाकीच्या व्यापाऱ्यांना एकाएकी घरची कामं आठवली. दुपारपर्यंत बाजारात विकायला एकट्या खुशालरावांचाच माल उरला. ते स्वतः गाठीवर चढले आणि भक्तीतून बरकत कशी येते ते सांगू लागले. पुस्तकाच्या सगळ्या प्रती खपल्या. सर्वांत जास्त त्या पकडल्या गेलेल्यांनीच घेतल्या.

मास्तर हबकून बाजूला झाले. म्हणजे पुस्तक खरं आणि आपली आजवरची मतं चुकीची, असंच म्हणायचं का? बैलगाड्यांच्या सावलीत खुशालरावांचा हमाल पुंजाराम बसला होता. तुमच्या मालकांनी खरंच कधी पाणी मारलं नाही का, असं मास्तरांनी त्याला हळूच विचारलं.

पुंजारामनं इकडेतिकडे पाहिलं. “आजबी माराचंच होतं. घागरी भरून ठिवल्या होत्या. पन तुमी येनार म्हनून मालकानं पाहाटेच आमाले बसवलं अन् पुस्तक वाचाले घेतलं. ते सरता सरेना. मंग मालकाले न सांगता तशाच कोरड्या गाठी बांधल्या.” त्यानं समाधानानं तंबाखू मळली. “लय चांगलं पुस्तक हाये, मास्तर. बसल्याजागी मजुरी भेटली.”

मास्तरांनी पुष्कळ पुस्तकं वाचली होती, पण लेखकालाच पापापासून प्रत्यक्ष अडवणारं पुस्तक ते पहिल्यांदा पाहत होते.

संध्याकाळी खुशालराव घरी आले. आपली सचोटी सिद्ध व्हावी म्हणून मास्तरांनीच हा सगळा बेत रचला, असा त्यांचा ठाम समज झाला होता. सागवान आणायला गाड्या गेल्या होत्या. आता दुसऱ्या आवृत्तीसाठी दोन ओळींचा अभिप्राय तेवढा हवा होता. मास्तरांनी क्षणाचाही विचार न करता तो सांगितला, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता: हे पुस्तक पहाटे मोठ्यानं वाचावं, आणि पुरं होईपर्यंत कोणाला जागचं उठू देऊ नये.

खुशालरावांचे डोळे भरून आले.

छप्पर वेळेवर चढलं. पहिल्याच रविवारी खुशालराव पहाटे प्रार्थनामंदिरात हजर झाले. लाकूड त्यांचं, तेव्हा दोन शब्द वाचू देणं पाद्रीसाहेबांना भागच होतं. सगळी मंडळी जागेवर बसली, मास्तर आणि माणिकबाई पहिल्या रांगेत. खुशालरावांनी पुस्तक उघडलं. मग काहीतरी आठवून ते थांबले, दारापाशी गेले आणि अभिप्रायाचा मान राखून त्यांनी आतून कडी घातली.